बत्तिसाव्या लेण्यातील अंधार

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, मी आजवर चार वेळा गेलो आणि चारही वेळा माझ्या हातात निराळा फोन होता. २००९, २०१५, २०१९ आणि २०२४. यात योजना काहीच नव्हती. फोन जुने होत गेले, बदलत गेले आणि प्रवास आपापल्या निमित्ताने घडत गेले. मात्र वरच्या मजल्यावरील अंबिकेसमोर उभे राहून एक फोटो घ्यायचा, हा परिपाठ कसा कोण जाणे मोडला नाही. परवा हे चारही फोटो संगणकावर शेजारी शेजारी मांडले. पहिला जवळजवळ काळा, दुसरा तांबूस व दाणेदार, तिसरा लख्ख आणि चौथा तर भर दुपारी अंगणात काढल्यासारखा. चार वेगळ्या लेण्यांचे फोटो म्हणून कोणी ते दाखविले असते, तरी मी विश्वास ठेवला असता.

हे मांडण्याचे कारण आक्का. आक्का म्हणजे माझी आई. गुडघ्यांमुळे आता तिला वेरूळचे जिने चढणे शक्य नाही. तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत अण्णांबरोबर हे लेणे पाहिले होते आणि पुन्हा २००९ मध्ये आमच्याबरोबर पाहिले. 'एकदा नीट दाखव बाबा,' एवढेच तिचे मागणे होते. 'नीट' या शब्दाचा अर्थ माझ्या आणि तिच्या मनात एकच आहे, असे मी धरून चाललो होतो.

वेरूळची चौतीस लेणी पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यात कोरलेली आहेत. त्यामुळे सकाळी ती कड्याच्या सावलीत असतात आणि ऊन आत शिरते ते दुपार कलल्यावर. बहुतेक प्रवासी सोळाव्या लेण्यातील कैलास पाहूनच थकतात. तीस ते चौतीस ही जैन लेणी तेथून उत्तरेस किलोमीटरभराहून अधिक अंतरावर आहेत आणि 'पुढच्या खेपेस पाहू' म्हणून ती अनेकांची राहून जातात. इकडे गर्दी नसते, शांतपणे उभे राहता येते, हा त्यातला लाभ. (मंगळवारी सर्वच लेणी बंद असतात. २०१५ मध्ये आम्ही नेमके मंगळवारी पोचलो आणि तो दिवस दौलताबादच्या पायऱ्या चढण्यात घालविला.)

इंद्रसभेच्या अंगणात एकाच खडकातून कोरलेले लहानसे सर्वतोभद्र मंदिर आहे आणि जवळच खडकातलाच हत्ती आहे. दुपारी तेथे ऊन एवढे असते की डोळे दिपतात. तेथून आत येऊन जिन्याने वर गेले की प्रथम काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने खांब दिसू लागतात, मग भिंतींवरील तीर्थंकरमूर्ती आणि अगदी शेवटी छत. एका बाजूला आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका. दुसऱ्या बाजूला वटवृक्षाखाली हत्तीवर बसलेला यक्ष. त्यालाच लोकांनी इंद्र मानले आणि लेण्याला हे नाव पडले. माणसाच्या डोळ्याला अंधाराशी पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. इतका वेळ तेथे थांबणारा प्रवासी मी क्वचितच पाहिला. बहुतेक जण आत येतात, फोन उंचावतात आणि डोळे सरावण्यापूर्वीच खाली उतरतात.

२००९ चा माझा फोन बटनांचा होता, दोन मेगापिक्सेलचा. त्याच्या भिंगातून येणारा प्रकाश अत्यल्प, सेन्सर नखाच्या टोकाएवढा. त्या फोटोत अंबिका म्हणजे काळ्यावर काळा आकार आहे. तिच्या अलीकडे खांबाजवळ अण्णा उभे आहेत आणि माझा हात हलल्यामुळे तेही पुसटच आले आहेत. टोपी ओळखू येते, उभे राहण्याची ढब ओळखू येते, चेहरा नाही. अण्णांचा वेरूळमधील तेवढाच एक फोटो आमच्याकडे आहे.

२०१५ चा फोन आठ मेगापिक्सेलचा. त्यात मी 'ओपन कॅमेरा' नावाचे विनामूल्य ॲप घेतले होते, कारण फोनबरोबर आलेले कॅमेऱ्याचे ॲप आयएसओ स्वतःच ठरवी आणि मला विचारीत नसे. फोटोच्या पोटात साठविलेली नोंद आजही वाचता येते : शटर १/१५ सेकंद, आयएसओ १६००. म्हणजे शटर हात थरथरण्याइतके मंद आणि तरीही सेन्सरच्या क्षीण संकेताला ओरडून मोठे करावे लागले. त्या ओरडण्याचेच ते दाणे. रंगही चुकले. वेरूळचा खडक काळसर करडा, पण जिन्याकडून परतणाऱ्या पिवळट उजेडाने फोनची फसगत झाली आणि अंबिका तांबूस दगडाची झाली. तिपाई लावावी तर पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. मी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर फोन टेकवला व श्वास रोखला. तेव्हा कुठे एक बरा फोटो आला.

याच प्रदेशात, निजामाच्या राज्यात, राजा दीनदयाळ काचेच्या प्लेटा आणि लाकडी कॅमेरा घेऊन हिंडले आणि त्यांनी वेरूळचे फोटो काढले. त्यांचे जुने ठसे पाहिले की आपल्या दाण्यांची थोडी लाजच वाटते. त्यांच्यापाशी तिपाई होती आणि थांबण्याची तयारी होती.

२०१९ साली मात्र चमत्कार वाटावा असे झाले. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या पिक्सेल फोनांना 'नाइट साइट' दिले होते. २०१९ च्या सप्टेंबरात ॲपलनेही आयफोन ११ मध्ये नाइट मोड आणला आणि मध्यम किमतीच्या फोनांतही ही सोय येऊ लागली. माझा नवा फोन अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा होता. वास्तविक अशा सेन्सरमध्ये चार-चार बिंदूंचा एक गट होतो आणि फोटो बारा मेगापिक्सेलचाच मिळतो, पण त्या गटामुळे प्रकाश अधिक गोळा होतो. खरी किमया पुढेच. फोन एक फोटो काढीत नाही. तो अनेक छोटे छोटे फोटो झपाट्याने काढतो, हाताच्या थरथरीने सरकलेले ते फोटो एकमेकांवर बिनचूक जुळवितो आणि त्यांची सरासरी घेतो. दाणे दर फोटोत निराळ्या जागी पडतात, म्हणून सरासरीत ते विरत जातात. मूर्ती मात्र जागची हलत नाही, म्हणून ती उरते. सोळा फोटोंची सरासरी घेतली की दाणे साधारण चौथ्या हिश्शावर येतात.

त्या दिवशी मी छताकडे फोन धरला आणि थक्क झालो. छतावर कमळ कोरलेले आहे, हे ठाऊक होते. त्याच्या आसपास जुन्या रंगांचे अवशेष आहेत, हे वाचले होते, पण माझ्या डोळ्यांना तेथे नेहमी मळकट काळोख दिसला होता. फोनच्या पडद्यावर तांबड्या-हिरव्याचे तुकडे उमटले. मी पुन्हा वर पाहिले, खूप वेळ पाहिले आणि हळूहळू ते रंग मलाही दिसू लागले. हे ऋण मी नाकारणार नाही. फोनने मला जे तेथे होते तेच दाखविले होते.

अडचण सुरू झाली ती मूर्तींच्या चेहऱ्यांवर. फोनला चेहरा दिसला की पडद्यावर चौकोन उमटतो. तो अंबिकेभोवतीही उमटला आणि सौंदर्य वाढविणारी सोय चालू राहिल्यामुळे फोनने दगडाचे गाल गुळगुळीत करून टाकले. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीच्या खुणा क्षणात नाहीशा झाल्या! याहून गमतीची गोष्ट नंतर घडली. फोटो साठविणाऱ्या ॲपने भिंतीवरील सगळ्या तीर्थंकरांना एकाच व्यक्तीच्या नावाखाली गोळा केले आणि 'ही व्यक्ती कोण?' असे मला विचारले. हसू आले, पण त्याचा दोष तरी कसा म्हणावा? तीर्थंकरांचे चेहरे शिल्पकारांनी सारखेच घडविले. ओळख आसनावरच्या लांछनावरून, पार्श्वनाथांची सर्पफणांवरून. अंगावर वेली चढलेले बाहुबली तेवढे त्या यंत्राने वेगळे ठेवले होते. वेलींमुळे त्याला तेथे चेहराच सापडला नसावा, असा माझा तर्क आहे.

२०२४ चा फोन आता मला काहीच विचारीत नाही. अंधार दिसला की आपण होऊन तो उजळतो, कडा धारदार करतो, सावल्या उचलतो. अंबिकेशेजारच्या एका लहान आकृतीचा चेहरा बराच झिजलेला आहे. माझ्या नव्या फोटोत त्याला ओठांची रेघ आली आहे. मी पुन्हा समोर जाऊन निरखले, तर दगडावर तशी रेघ मला सापडली नाही. फोनला 'येथे ओठ असावेत' असे वाटले आणि त्याने ते काढले. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल असाच वाद झाला होता. कोणीतरी चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला आणि फोनने त्यात नसलेले तपशील भरून दिले. चंद्र ओळखला की तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केला जातो, हे कंपनीने नंतर समजावून सांगितले. अनेक फोटो जुळवून दाणे घालविणे ही साक्ष आहे, असे मी मानतो. नसलेला तपशील भरणे हा तर्क. दोन्ही एकाच बटनाखाली आले आहेत आणि कोठे एक संपून दुसरे सुरू झाले, ते फोटो पाहून सांगता येत नाही.

हे मला इतक्या स्पष्टपणे कळले ते अण्णांच्या त्या जुन्या फोटोमुळे. पुसट फोटो स्वच्छ करणारे एक ॲप भाच्याने आणून दिले. मी अण्णांचा फोटो त्यात घातला. अर्ध्या मिनिटात टोपीखाली एक रेखीव चेहरा उगवला : टपोरे डोळे, सरळ नाक, प्रत्येक मिशी वेगळी. मोठ्या उत्साहाने मी तो आक्कासमोर धरला. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

"हे कोण रे?"

"अण्णा. तो खांबाजवळचा फोटो आहे ना, तोच."

"नव्हे," ती म्हणाली. "अण्णांचा डावा डोळा किंचित बारीक होता. हा कोणी दुसराच आहे. जुनाच दाखव."

मी जुना, हललेला फोटो पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि माझ्याशी बोलणे थांबविले.

त्याच बैठकीत अंबिकेचे चारही फोटो तिला दाखविले. चौथा लख्ख फोटो पाहून ती खूश होईल, अशी माझी खात्री होती. "छान आहे," ती म्हणाली, "पण अशी नव्हती ती." मग तिने पहिल्या खेपेची हकीकत सांगितली. तेव्हा वर उजेड नव्हता. खाली अंगणात एक राखणदार चकचकीत पत्रा घेऊन उभा राही आणि उन्हाचा कवडसा वर भिंतीवर टाकी. पत्रा हलेल तसा कवडसा सरके. प्रथम सिंहाचा पंजा दिसला, मग गुडघा, मग मांडीवरचे मूल आणि शेवटी चेहरा. चेहऱ्यावर कवडसा क्षणभरच थांबला आणि वर आंब्याच्या झाडात गेला. "सगळी एकदम कधी पाहिलीच नाही मी," आक्का म्हणाली.

म्हणून गेल्या डिसेंबरात मी पुन्हा गेलो. चौथा फोन तोच, पण या वेळी त्याचे ऐकायचे नाही, असे ठरविले होते. नाइट मोड बंद केला. पडद्यावर अंबिकेवर बोट दाबून ठेवले की प्रकाशमापन तेथेच कुलूपबंद होते. मग बोट खाली ओढले आणि पडदा डोळ्यांना दिसत होता तेवढाच काळोखा केला. एक फोटो 'रॉ' स्वरूपात घेतला. या स्वरूपात फोन गुळगुळीतपणा किंवा धार चढवीत नाही. फाइल जड होते, पण पुढे स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये आपल्या हाताने हवे तेवढेच उजळता येते. भिंग रुमालाने पुसणेही विसरलो नाही. निम्मे धुरकट फोटो तेथील अंधारापेक्षा आपल्या बोटांच्या तेलकटपणामुळेच येतात.

पत्रा आता कोणी धरीत नाही. पहारेकऱ्यांजवळ बॅटरी असते. तेथील पहारेकऱ्यांना मी आक्काची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, बॅटरी घेऊन बाजूला उभे राहिले. "छतावर नको, तिथं रंग आहेत," एवढे सांगून त्यांनी प्रकाशाची तिरीप भिंतीला जवळजवळ समांतर धरली. समोरून टाकलेल्या उजेडात शिल्प सपाट दिसते. बाजूच्या उजेडात छिन्नीचा एकेक घाव सावली टाकतो. मी व्हिडिओ सुरू केला. त्यांचा हात सावकाश सरकत गेला : पंजा, गुडघा, मूल. हा क्रम मी त्यांना सांगितला नव्हता.

घरी आल्यावर तो व्हिडिओ टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावला. दाणे आहेत, कडेला नुसता काळोख आहे, मधूनच कोणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू येते. आक्का खुर्ची पुढे ओढून बसली.

"थांब. मागे घे जरा."

मागे घेतले. तिरीप सिंहाच्या कानावरून वर चढली.

"हां," ती म्हणाली. पुन्हा एकदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर माझ्याकडे वळून विचारले, "हे कोणी दाखविले म्हणालास?"

"तिथल्या पहारेकऱ्यांनी."

"त्यांना चहापाणी तरी विचारलेस का?"