हजची लस आणि तवक्कुल

निरगुडसरहून हजला निघायचे म्हणजे मंचर, पुणे, मुंबई आणि तिथून जेद्दा. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे जात. आता विमानाने काही तास. आजारही तितक्याच वेगाने घरी येतो. सौदी नियमानुसार मेनिंजायटिसची लस पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ‘हयात-मौत अल्लाहच्या हाती, नुसता दाखला मिळवू,’ असे आमच्या घरात निघाले. पण खोटा दाखला खिशात ठेवून लब्बैक कसे म्हणायचे? २००० साली हजहून परतलेल्यांकडून काही देशांत घरच्यांनाही हा आजार झाला होता. हाजी परतले की जमजम-खजुरासाठी गाव जमते, लेकरे गळ्यात पडतात. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल, ही शिकवण आपलीच. आम्ही सगळ्यांनी बिस्मिल्लाह म्हणून लस घेतली. ज्यांचा नंबर लागेल त्यांनी दिवस मोजूनच घ्यावी.