हिरवळीचा हिशेब

शहापूर तालुक्याला सारे ‘धरणांचा तालुका’ म्हणतात. १८९२ साली पुरे झालेले तानसा याच तालुक्यात आहे आणि ज्याच्यामुळे आमच्या भातसानगरला नाव मिळाले ते भातसाही इथलेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा. धरणातून सोडलेले पाणी नदीने पिसे येथे येते, तेथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांत पोचते. उन्हाळा लागला की याच तालुक्यातले कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्यामानाने फार लहान गोष्टीबद्दल, चार गुंठे हिरवळीबद्दल.

माझे बाबा एका फार्महाऊसवर माळी आहेत. शेठ मुंबईचे, शनिवार-रविवारी येतात. पूर्वी बाबा रोज सकाळ-संध्याकाळ हातात पाइप धरून हिरवळीला पाणी घालीत. दोन वर्षांपूर्वी तेथे आपोआप चालणारे फवारे बसले. टायमरवर वेळ लावली की मोटार सुरू होते, व्हॉल्व्ह उघडतो आणि जमिनीतून फवाऱ्यांची तोंडे वर येतात. त्या महिन्यापासून बाबांचे काम अर्ध्या दिवसाचे झाले, पगारही तसाच झाला. साहजिकच आमच्या घरात त्या यंत्राबद्दल कोणी बरे बोलत नसे.

पण यंत्राचा राग करून काय उपयोग? टकटक आवाज करीत फिरणारा तो प्रसिद्ध फवारा १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या एका बागाईतदाराने आपल्या संत्र्या-लिंबांच्या बागेसाठी तयार केला. म्हणजे हे मुळात शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेले साधन आहे. आपल्याकडेही तुषार सिंचनावर कितीतरी शेते पिकतात. मग शेठच्या हिरवळीवरचे यंत्र खरोखर पाणी वाचवते काय, एवढेच मला पाहायचे होते.

पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे शाळेत शिकलो होतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत श्रीखंडाचे सारख्या मापाचे, सरळ काठाचे आठ रिकामे डबे गोळा केले आणि हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवले. टायमरवर पंधरा मिनिटे लावलेली होती. पाणी थांबल्यावर कंपासपेटीतली पट्टी प्रत्येक डब्यात उभी धरली. मोटारीजवळ बारा मिलिमीटर, लांबच्या कोपऱ्यात पाच, सरासरी नऊ. दिवसातून दोन पाळ्या, म्हणजे अठरा. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पुरते. यंत्र रोज तिप्पट पाणी ओतत होते! चार गुंठे म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर. रोज ७,३०० लिटर जात होते. गरज होती २,४०० ची.

याचे कारण त्या लांबच्या कोपऱ्यात होते. तेथले गवत पिवळे पडे, म्हणून कोणीतरी टायमरची वेळ वाढवून ठेवली होती. एका कोरड्या कोपऱ्यासाठी साऱ्या हिरवळीला पूर येत होता. बाबांनी त्या बाजूची तोंडे उघडली, तर आत बारीक रेती अडकलेली. दोन तोंडे मातीत तिरकी झाली होती, ती सरळ केली. एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे, तरच मधे कोरडे राहत नाही, हे बाबांनी नुसते पाहूनच ओळखले. मग आम्ही शेठना विचारून नवी वेळ लावली: दिवसाआड, पहाटे, दहा-दहा मिनिटांच्या दोन पाळ्या आणि मधे अर्धा तास विश्रांती. पहाटे वारा कमी असतो, ऊन नसते, म्हणून पाणी उडून जात नाही. मधल्या विश्रांतीत ते मातीत मुरते, उताराने वाहून जात नाही. दिवसाआड पाणी मिळाले की मुळेही पाण्यामागे खोल जातात. हिरवळ हिरवीच राहिली. पावसाळा लागताच टायमर बंद केला. त्याआधीच्या वर्षी धो-धो पावसातही फवारे उडत होते.

संध्याकाळी आईला हिशेब सांगितला. तिला मिलिमीटर कळत नाही, हंडा कळतो. तिच्या हंड्यात पंधरा लिटर मावतात. “रोजचे तीनशेच्या वर हंडे वाचले,” असे म्हणालो तेव्हा ती चूल फुंकता फुंकता थांबली. “मग त्यातला एक तरी आपल्याकडे का येत नाही?” तिने विचारले.

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते. अर्थशास्त्राच्या तासाला सर ‘संधी खर्च’ शिकवतात. एक वस्तू निवडताना जी दुसरी सोडावी लागते ती तिची खरी किंमत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर हे मान धरले आहे. त्या मानाने एक गुंठा हिरवळ उन्हाळ्यात रोज दहा-अकरा माणसांचे पाणी पिते, तेही काटकसरीने घातले तर! आम्ही वाचवलेले पाणी अठ्ठ्याऐंशी माणसांचे होते, पण ते शेठच्या बोअरमध्येच राहिले.

यंत्र श्रम वाचवते. पाणी वाचवायला मोजणारा माणूस लागतो आणि वाचलेले पाणी वाटायला आणखी काही लागते. पहिल्या दोन गोष्टी आमच्या हातून झाल्या. महिन्यातून दोनदा तोंडे साफ करण्याचे काम शेठनी बाबांना दिले, त्याचे पैसे वेगळे मिळतात. तिसऱ्या गोष्टीसाठी, कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला एक नळ काढून द्यावा, अशी विनंती बाबांनी केली आहे. विनंतीबरोबर माझ्या वहीतले हिशेबाचे पानही दिले आहे. शेठ अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणालेले नाहीत. आई मात्र नळ कोठे बसवावा ती जागा बघून आली आहे.