चमचाभर ग्रीस

एरवी मी तुम्हाला खता-बियाण्यांचे चार शब्द सांगतो. आज माझ्याच घरची चूक सांगतो.

जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची बाग. थोरले दादा ती पाहत. बोअरमध्ये २० फुटी जस्ती लोखंडी पाईप सॉकेटने जोडून मोटार सोडायची होती. मी शेतकी पदवीधर, म्हणून देखरेख माझ्याकडे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आट्यांना ग्रीस लावू. डबा आणायला तास लागेल." मला शिबिराला जायची घाई. म्हणालो, "राहू द्या, नुसते आवळा."

२०१३ च्या मे महिन्यात, ऐन दुष्काळात मोटार जळाली. वर काढताना तिसरा जोड हलेना. पान्याच्या दांड्यावर पाईप चढवून चौघांनी जोर केला. आटे फाटले. जोड सुटेना म्हणून तसेच वर ओढू लागलो, तोच तो निसटला आणि खालचे पाईप मोटारीसह बोअरमध्ये गेले. बाग वाळली. दादा एक शब्द बोलले नाहीत. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, जेवून घ्या." तो घास अजून घशात आहे.

असे का होते? आटे गुळगुळीत दिसले तरी त्यांवर बारीक उंचवटे असतात. कोरडे लोखंड लोखंडावर दाबून फिरवले, की ते उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि फाटतात. मग जितका जोर, तितकी पकड घट्ट. शिवाय आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, तेथे गंज धरतो. मध्ये ग्रीसचा पातळ थर असला, तर लोखंड लोखंडाला भिडत नाही आणि पाणीही शिरत नाही. तेलाच्या खोल विहिरींतसुद्धा आट्यांना वंगण लावल्याशिवाय पाईप सोडत नाहीत.

म्हणून एवढे करा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा, वाळूचा कण राहू देऊ नका. ग्राफाइटचे ग्रीस बाहेरच्या आट्यांवर पातळ लावा. पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा. अडले तर उलगडून पुन्हा बसवा. पाणी पिण्याचे असेल, तर ग्रीसऐवजी टेफ्लॉन टेप गुंडाळा. जळके ऑइल मुळीच नको. आणि मोटारीला वेगळा मजबूत दोर बांधा.

पुढच्या वेळी मिस्त्री "तासभर थांबा" म्हणाले, तर थांबा. मी थांबलो नव्हतो.