डोळे येतात, डोळे जातात

माणसाचे डोळे आले की घरभर बभ्रा होतो. काळा चष्मा चढतो, कचेरीला हक्काची रजा मिळते. वासराचे डोळे आले तर? मामांच्या गोठ्यातली तांबडी कालवड नुसती एक डोळा मिटून उभी होती. गालावरून पाणी ओघळत होते. "आईची आठवण येते हो तिला!" आमच्या मावशी हळहळल्या. मामांनी मुकाट्याने तिला सावलीत, इतर वासरांपासून दूर बांधले आणि गुरांच्या डॉक्टरांना आणले. मोराक्सेला बोव्हिस नावाचा हा जंतू माश्यांबरोबर एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. ऊन, धूळ त्याचे काम सोपे करतात. बुबुळावर पांढुरके सारे येते. हयगय झाली तर डोळाच जातो. मुक्या जनावराचे पाणावलेले डोळे पाहून गहिवरावे जरूर. पण आधी त्याला सावलीत न्यावे!