उन्हाळ्यातील स्वेटर

स्वेटर हा शब्द ऐकला की आपल्या मनात पौष महिना उभा राहतो. पहाटेचे धुके, अंगणातली शेकोटी आणि कानटोपी घातलेली मुले आठवतात. कोणी वैशाखात स्वेटरची गोष्ट काढली, तर त्या गृहस्थाच्या प्रकृतीविषयी शंका यावी. त्यातून आमचे गाव अमरावती! मे महिन्यात येथील दुपारी अंगावरचा सदरासुद्धा जड वाटतो. तरीही गेल्या वैशाखात आमच्या घरी एक स्वेटर विणला गेला आणि तो विणणारा मी होतो. हे कळल्यापासून माझे जुने सहकारी माझ्याकडे काहीशा काळजीने पाहतात.

त्याचे कारण आमची नात. लोकर तिच्या अंगाला सोसत नाही. घटकाभरात मानेवर लाल चट्टे उठतात. सुट्टीत सर्वांनी चिखलदऱ्यास जावयाचे ठरले होते. चिखलदरा आमच्याच जिल्ह्यातले, परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंचीवर. दिवसा ऊन असले तरी संध्याकाळी दरीतून वारा वर येऊ लागला की अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते. तेव्हा सुती धाग्याचा, जाळीच्या विणीचा, हलका स्वेटर नातीसाठी करावा, असे तिच्या आजीने मनात घेतले. पण दोन वर्षांपासून संधिवाताने तिची बोटे आखडली आहेत. सुया धरल्या की डोळ्यांत पाणी येते. सुया आणि धाग्याचे गुंडे तिने दोनदा बाहेर काढले आणि दोनदा पेटीत ठेवले. तिसऱ्या वेळी ते माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, बोटं तुमची, वीण माझी. बसा समोर."

छत्तीस वर्षे शाळेत मुलांना बसावयास सांगणारा मी, मुकाट्याने बसलो.

मराठीत आपण कापड विणतो, बाज विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. क्रियापद एकच, परंतु कृती किती निराळ्या! मागावर उभे धागे आणि आडवे धागे असे दोन पक्ष असतात. ते एकमेकांना अडवून धरतात, म्हणून कापड उभे राहते. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याच्या एका वेढ्यातून दुसरा वेढा काढावयाचा, दुसऱ्यातून तिसरा. शेवटचा वेढा मोकळा सोडून धागा ओढला, तर महिन्याभराच्या कामाचा घटकेत पुन्हा धागा होतो. भाषेचा विद्यार्थी म्हणून 'विणणे' या शब्दाशी माझी ओळख जुनी होती; त्याच्या अर्थाशी मात्र बोटांनीच ओळख करून दिली.

सुती धागा हा कडक शिस्तीचा गडी आहे. लोकरीच्या तंतूला मूळचेच नागमोडी वळण असते. ताणला तर लांबतो, सोडला तर माघारी येतो. त्यामुळे एखादा टाका सैल, एखादा घट्ट झाला तरी लोकर सांभाळून घेते. कापसाच्या तंतूला अशी उसळी नाही. शिवाय तो लोकरीहून जड. जाड सुती धाग्याचा घट्ट स्वेटर आपल्याच भाराने खाली ओळंबतो. मात्र कापूस घाम टिपतो, अंगाला टोचत नाही आणि ओला झाला म्हणजे दुबळा होण्याऐवजी अधिकच बळकट होतो. म्हणून तो पुनःपुन्हा धुता येतो. त्याचा जडपणा घालवावयाचा तर धागा बारीक हवा आणि विणीत मोकळ्या जागा हव्यात. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरच्या जाळीदार शाली लोकरीच्या असतात, तरी त्यांतील अतिशय तलम शाल अंगठीतून आरपार ओढता येते. बारीक धागा आणि मोकळी वीण यांची ही करामत आहे.

आरंभी हिने मला स्वेटर विणूच दिला नाही. हातभर लांबही नसलेला एक चौकोनी तुकडा विणावयास लावला. 10 नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या. या मोजणीत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. तुकडा झाल्यावर तो धुवावयास सांगितला, सावलीत सपाट वाळवावयास सांगितला आणि मगच पट्टी हाती दिली. धुण्यापूर्वी 10 सेंटिमीटरांत 23 टाके होते. धुतल्यावर 24 भरले. एक टाक्याचा फरक तो काय! पण पुढच्या पाखाची रुंदी 44 सेंटिमीटर हवी होती, आणि एवढ्या रुंदीत तो फरक जवळजवळ एका बोटाच्या रुंदीचा होतो. 24 च्या हिशेबाने सुमारे 106 टाके आले. नक्षी सहा टाक्यांची. तिच्या सतरा आवृत्तींचे 102 आणि कडांचे तीन, असे 105 टाके आम्ही सुईवर घातले. त्रैराशिक इतके उपयोगी पडताना मी क्वचितच पाहिले आहे.

आता जाळीची युक्ती सांगतो. चार टाके सुलट विणावयाचे. मग धागा पुढे घेऊन सुईवर एक मोकळा वेढा द्यावयाचा. येथे छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. लगेच पुढच्या दोन टाक्यांचा एक करावयाचा. एक टाका घटतो. मागची ओळ सगळी उलट. "धागा पुढे, दोनाचा एक," एवढाच हा मंत्र. छिद्र म्हणजे धागा तुटलेली जागा असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तेथे काहीच तुटलेले नसते. एका ठिकाणी जे वाढले ते शेजारच्या टाक्याने सामावून घेतलेले असते. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी "मोजा," अशी आज्ञा होई आणि मी हजेरी घेतल्याप्रमाणे टाके मोजीत असे. छिद्रे कितीही पडोत, टाके 105 चे 105.

याच छिद्रांमुळे स्वेटर उन्हाळ्याचा होतो. लोकरीचा स्वेटर ऊब देतो तो तंतूंमध्ये हवा कोंडून ठेवतो म्हणून. जाळीचा स्वेटर तीच हवा वाहू देतो. घाम सुकतो आणि गारवा वाटतो. हवा तीच, कोंडली की ऊब, वाहू दिली की गारवा.

उष्ण प्रदेशात विणकाम कशाला, असे मला विचारणाऱ्यांना मी इजिप्तकडे बोट दाखवतो. सुयांवरच्या विणकामाचे जे अतिशय जुने नमुने संग्रहालयांत जपलेले आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले मोजे आहेत. ते 11 व्या ते 14 व्या शतकांच्या दरम्यानचे असून निळ्या आणि पांढऱ्या सुती धाग्याचे आहेत. सुई आणि सूत यांचा स्नेह असा पुरातन आहे.

या महिन्याभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चाळीस वर्षे ही विणीत होती. गप्पा मारताना, दुधाकडे लक्ष ठेवताना, रेल्वेच्या डब्यात. सारी विद्या तिच्या बोटांत होती. तिला शब्द कधी लागलेच नव्हते. मी विचारले, "बाहीचे टाके कोठून कमी करावयाचे?" तर ती प्रथम गप्प बसे, डोळे मिटी, आणि तिची आखडलेली बोटे हवेतच हळूहळू हलत. मग शब्द येत. कितीतरी आज्या अशा विणी बोटांत घेऊन गेल्या असतील. त्या कोठल्याही पुस्तकात सापडावयाच्या नाहीत. हिचे शब्द मी एका वहीत उतरवून ठेवले आहेत. त्या वहीतील प्रत्येक ओळीमागे तिची बोटे मला दिसतात.

स्वेटर पुरा झाला. वजन पाव किलोहूनही कमी भरले. हिच्या सुईवरून उतरलेला टाका माझ्या सुईवर चढला, इतकेच. ओळीची मोजणी चुकली नाही. नात तो अंगावरून काढावयास तयार नव्हती. आता तिलाही विणावयास शिकावयाचे आहे. पुढच्या सुट्टीत तिला आजीने शिकवावे की आजोबांनी, यावर मात्र आमच्या घरी अद्याप एकमत झालेले नाही.