तुम्ही काम काय करता?

'वयोमानानुसार श्रवणदोष.' डॉक्टरांनी कागदावर एवढंच लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला तेव्हा पन्नाशीही लागली नव्हती. त्या ओळीचा राग अजून जात नाही.

मी इचलकरंजीत जॉबर. आधी माग चालवले, मग दुरुस्तीला लागलो. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो. असे चोवीस माग एका पत्र्याखाली, आणि पाळी बारा तासांची. खात्यात आम्ही ओठ बघून आणि हातवारे करूनच बोलतो.

मला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. दुकानदार 'साठ' म्हणतो की 'आठ', ते समजत नाही. रात्री कानात शिट्टी वाजत राहते. म्हणून तपासायला गेलो होतो.

तपासणीचा आलेख माझ्यासमोरच काढला. रेघ सरळ येऊन 4000 हर्ट्‌झपाशी खड्ड्यात उतरली होती आणि 8000 ला पुन्हा थोडी वर चढली होती. माझी मुलगी नर्सिंगला आहे. घरी तिने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबा, वयाने ऐकू कमी येतं तेव्हा रेघ उतरतच जाते, अशी वर येत नाही. हा खड्डा आवाजाचा." कानाच्या आतल्या बारीक केसपेशी आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे उत्तर डॉक्टरांच्या हातात होतं! नाव विचारलं, वय विचारलं, साखर आहे का विचारलं. काम काय करता, हे विचारलं नाही. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटलीतल्या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की रोग्याला त्याचं काम विचारा. तांबं ठोकणारे कारागीर बहिरे होतात, हेही त्याने लिहिलं होतं.

डॉक्टरांच्या त्या एका ओळीने काय झालं बघा. आवाजाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्यात नोंद करायच्या आजारांत होता, नुकसानभरपाईच्या कायद्यातही होता. कागदावर 'वय' लिहिलं की दोन्ही दारं बंद. नियमात 90 डेसिबलला आठ तासांची मर्यादा, 95 ला चार, 100 ला दोन. आमचं खातं शंभराच्या आसपास, आणि आम्ही बारा तास.

मालकावर मी चिडत नाही असं नाही. पण तोही त्याच खात्यात वाढला, त्यालाही मोठ्याने बोलावं लागतं. कानात बोळे घाला म्हणणं सोपं आहे. जॉबरला कोणता माग बिघडलाय ते आवाजावरूनच कळतं. शिवाय खात्यात माणसं कमी दाखवली की कारखाने कायदाच लागत नव्हता. मग डॉक्टरांनी 'माग' लिहिलं असतं तरी माझ्या हातात काय पडलं असतं, असंही वाटतं.

तरी लिहायला हवं होतं. नव्या पोरांना मी सांगतो, कामाला लागायच्या आधी कान तपासून कागद जपून ठेवा, दर वर्षी पुन्हा तपासा. पोरं हसतात, त्यांना सगळं ऐकू येतं. आणि डॉक्टर विचारणार नसतील, तर खुर्चीत बसल्या बसल्या आपणच सांगा: मागावर असतो, इतकी वर्षं. ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका.