उचल

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्म्याच्या बयानात कधी ना कधी ऐकलेली आहे. ज्या धंद्यामुळे माझा नगर जिल्हा ओळखला जातो, त्यात मात्र मजुरी घाम यायच्याही आधी मिळते. ऊसतोड मजुराच्या हातात हंगामाच्या कितीतरी आधी रोख रक्कम पडते. तिला उचल म्हणतात. आणि सगळी गोम तिथेच आहे.

हे पुन्हा डोक्यात घोळायला लागले ते एका भाषांतरामुळे. पोटापाण्यासाठी मी इंग्रजी कागद मराठीत आणतो. एका कंपनीची माल पुरवणाऱ्यांसाठीची आचारसंहिता माझ्याकडे आली. ब्रिटनमध्ये 2015 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. वर्षाला 3.6 कोटी पौंडांहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला, आपल्या मालाच्या साखळीत गुलामगिरी राहू नये म्हणून काय केले, ते दरवर्षी जाहीर करावे लागते. तेव्हापासून असे कागद वाढले आहेत. कागद वाईट नव्हता. सक्तीची मजुरी नको, लहान मुले कामावर नकोत, कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेऊ नका, त्याला काम सोडून जायची मुभा हवी. पाथर्डीच्या तोडकऱ्याकडे पासपोर्ट कुठून येणार? त्याची ठेवून घेतली जाते ती बाकी.

अडखळलो मी एका साध्याच शब्दावर. ‘तुमचे कर्मचारी’. साखर कारखान्याचे कर्मचारी म्हणजे गेटच्या आतले. ऊस तोडणारा त्यांच्यात नाही. कारखाना पैसे देतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराला, ठेकेदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसे, पण हिशोबात एक हत्यार. त्या बाईच्या नावाची वेगळी नोंद बहुतेक ठिकाणी कुठेच नसते. मग कंपनी कारखान्याला विचारते, तुमच्याकडे वेठबिगार आहेत का? कारखाना ‘नाही’वर खूण करतो, आणि कागदापुरते ते खरेही असते.

आता हिशोब करू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून 732 रुपये. त्यासाठी पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक लाखाची उचल फेडायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता जवळजवळ 137 दिवस. पाऊस कमी झाला, ऊस कमी निघाला आणि कारखाना शंभर दिवसांत बंद पडला, तर 26,800 रुपये अंगावर राहतात. मधल्या काळात किराण्यासाठी घेतलेली खर्ची वेगळी. आजारपणाचा खाडा झाला की तो पैसाही वळता होतो. बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या गाडीत बसावे लागते.

1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात नेमके हेच लिहिले आहे. उचलीच्या बदल्यात राबणे आणि त्यापायी दुसरीकडे काम करण्याचे किंवा हवे तिथे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे, ही वेठबिगारी. असे कर्ज कायद्यानेच रद्द होते. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले कामही संविधानाच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरीच ठरते. 2022 साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबताना सापडली. आईबापांना काही हजार रुपये देऊन ती आणली होती. तेव्हा याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. तिथे मालक समोर दिसत होता. उसात तो चार माणसांच्या मागे उभा असतो.

एका मुकादमाशी माझी ओळख आहे. वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांना विचारले, मामा, माणूस मध्येच निघून गेला तर? म्हणाले, “मग माझी जमीन जाते. ठेकेदाराला मी सही करून बसलोय.” त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण जोखीम वरून खाली ढकलत ढकलत त्यांच्यापर्यंत आलेली असते. ते ती कोयत्यावर ढकलतात. कोयता बायकोवर.

बायकोवर म्हणजे काय, ते 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने दाखवले. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीत खाडा नको, हेही त्यामागचे एक कारण. बीडची हद्द ओलांडली की पाथर्डी लागते. आणि जोडीशिवाय पुरी उचल नाही, म्हणून मुलींची लग्नेही लवकर उरकतात. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने हेच सगळे जगापुढे मांडले आणि कोका-कोला, पेप्सिको यांसारख्या कंपन्या इथली साखर घेतात हे नावानिशी लिहिले. इथल्या माणसांना त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते साखळीचे दुसरे टोक.

मला जास्त लागते ते वेगळेच. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायचे म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला. 1950 मध्ये तो सुरू झाला. ऊस लावणारा सभासद झाला, ऊस तोडणारा बाहेर राहिला. जिल्ह्याच्या उत्तरेला धुराडी, दक्षिणेला पाथर्डी-शेवगावात दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या वस्त्या.

कंपन्यांना खरेच काही करायचे असेल तर ‘हो-नाही’च्या खुणांनी भागणार नाही. तोडकऱ्याचे आणि त्याच्या बायकोचे नाव कारखान्याच्या नोंदीत वेगवेगळे हवे, पैसा दोघांच्या वेगवेगळ्या खात्यात हवा. उचल किती, वळती किती, हे लिहिलेली वही त्यांच्या हातात हवी. हंगाम संपला की बाकी संपली, हे करारात हवे. यामुळे साखर महागेल. शीरखुर्म्याला किलोमागे दोन-चार रुपये जास्त पडले तर आपले काही बिघडणार नाही. पण ही वाढ देण्याची पहिली जबाबदारी आचारसंहिता छापणाऱ्याची आहे, आणि स्वस्त साखरेचा आग्रह धरणाराही तोच.

तोडणीचा दर ठरतो तेव्हा साखर संघ बसतो, मजुरांच्या संघटना बसतात, पुढारी बसतात. साखर विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस त्या बैठकीत नसतो. त्याला तिथे कोणी बोलावतही नाही.